बारा बाय दहाच्या खोलीतला खर्ज

देवगड, २ ऑगस्ट

आज उघडीप होती, म्हणून मागची खोली टेपने मोजून काढली. बारा बाय दहा. भिंती चिऱ्याच्या, वर कौलं.

स्पीकर घ्यायचे हे नक्की आहे, पैसेही बाजूला काढलेत. पुण्याचा मित्र मात्र हट्टाला पेटलाय, "एकदाच काय ते घे, टॉवरच घे." त्याचे जमिनीवर उभे राहणारे साडेतीन फुटी टॉवर मी ऐकलेत. सुंदर वाजतात, वादच नाही. पण त्याचा हॉल माझ्या खोलीच्या तिप्पट आहे.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला भिंतीच्या मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागलं की खोली कुठल्या कंपनसंख्येला घुमणार ते कळतं. माझ्याकडे लांबीत ४७ हर्ट्झला, रुंदीत ५६ ला. ३० हर्ट्झपर्यंत दणकून उतरणारा टॉवर इथे आणला, तर डग्ग्याची एकेक घुमार पुढच्या बोलावर सांडणार. परदेशी परीक्षणं वाचतानाही हे ध्यानात ठेवावं लागतं. तिकडे पुष्कळ घरांत लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या भिंती असतात, त्यांतून खर्ज बाहेर निसटतो. चिरा तसूभर हलत नाही, सगळं परत खोलीत. कौलांतून थोडं वर निघून जातं, तेवढेच त्यांचे उपकार.

आमच्या वाडीत भजनाची डबलबारी होते तेव्हा पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीवर थाप पडते, छातीत जाणवते आणि संपते. मांडवाला भिंतीच नसतात. मला घरात ती संपणारी थाप हवी आहे. ती थोडी बारीक आली तरी चालेल.

म्हणून मन बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरच्या घराण्यावर बसलंय. सत्तरच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला, जेमतेम फूटभर उंचीचा बंद डबा. ८० हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज हळूहळू कमी होतो, आणि तिथे खोली स्वतःच थोडा हातभार लावते. मागे पोर्ट, म्हणजे हवेसाठीचं भोक, नाही, त्यामुळे भिंतीपासून फार पुढे ओढायला नको. संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेत निघणारा आवाज, कमी, ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे अँप्लिफायरला घाम फुटणार. पण मी सात फुटांवर बसणार, पन्नास वॉट पुष्कळ झाले. एवढ्याशा डब्याला एवढे पैसे, हे घरात कुणाला पटवून देणार आहे कोण जाणे.

मित्राचा दुसरा सल्ला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचा, ज्यात कोनऐवजी विजेने भारलेला पातळ पडदा हलतो. पडद्याला हजारो व्होल्ट आणि बाहेर आमची जुलैची दमट हवा! नकोच. इथे टर्मिनलवर हिरवट थर चढतो, कागदी कोनला बुरशी धरते, कोनभोवतीची फोमची कड भुगा होते. रबराची कड असेल तरच बोलायचं, हे दुकानदाराला आधीच सांगून टाकलंय. तो वरच्या स्वरांच्या ट्वीटरबद्दलच बोलत राहिला.

ही म्हणाली, "पावसाळ्यात ऐकणार काय, कौलं?" खरं आहे. सप्टेंबरपर्यंत ठुमरीतली हलकी जागा ऐकू यायची आशा नाही, घाई करण्यात अर्थ नाही.

स्टँड फणसाच्या लाकडाचे करून घेतोय, ट्वीटर कानाच्या उंचीला येईल असे. माप घेऊन संध्याकाळी सुताराकडे गेलो. त्याने कागद घेतला, खिशात घातला. "चवथ होऊंदे, मगे बघूया."