तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फोटोतला इपेले

"चार रात्रींत योरुबा नवरीचा अख्खा पोशाख शिवलास, मग माझ्या मुलीचा एक घागरा का नाही शिवत?"

इथे नायजेरियात, लागोसच्या इलुपेजू भागात, कुणाच्याही घरी हळदीकुंकवाला गेलं की हा प्रश्न येतोच. कोल्हापूरहून नणंदेनेही फोनवर विचारून झालंय. कमरेला इपेले, म्हणजे उपरण्यासारखं कापड, खोचलेल्या त्या नवरीचा लग्नातला फोटो सगळ्यांकडे पोचलाय ना! मी आजवर "मान धरते हल्ली" म्हणून वेळ मारून नेली. मान धरते हे खरं आहे, पण कारण ते नाही.

ती मुलगी ह्यांच्या ऑफिसातली. शनिवारी एंगेजमेंट, म्हणजे इथल्या योरुबा समाजाच्या पद्धतीचं लग्नच. मंगळवारी संध्याकाळी कापडाचं गाठोडं घेऊन दारात उभी. तिच्या शिंप्याने दोन महिने झुलवून कापड कात्रीसुद्धा न लावता परत केलं होतं. "मॅडम, अबेग (म्हणजे प्लीज), तुम्ही इंडियन आहात, तुम्हाला कापड कळतं." इथे हा समज पक्का आहे. इग्बो या इथल्या दुसऱ्या समाजातल्या बायका नेसतात ते भारी जॉर्ज कापड मुळात मद्रासकडून यायचं, तेव्हा प्रत्येक भारतीय बाई जन्मतःच शिवणकाम शिकून आलेली असते असं धरून चालतात. मीही सुखावले, कशाला खोटं बोलू?

गाठोड्यात होतं आशो-ओके. इसेयिनचे विणकर हातमागावर चारेक इंच रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडून पन्हा होतो. आलारी म्हणतात तो किरमिजी रंग, त्यात सोनेरी जर. हात लावला आणि पैठणीच आठवली, फक्त दुप्पट जाड. यातूनच सगळं करायचं: कमरेला गुंडाळायचा इरो, वरचा सैल बुबा, खांद्यावर किंवा कमरेला घ्यायचा इपेले आणि डोक्याला बांधायचं गेले (हो, शब्द असाच आहे). गेले आणि इपेले शिवावे लागत नाहीत. काम खरं दोनच कपड्यांचं. म्हणून तर हो म्हटलं.

तिला गुंडाळायचा इरो नको होता. मोबाइलवर फोटो दाखवला: अंगाबरोबर बसणारा, गुडघ्याखाली निमुळता झालेला स्कर्ट, मागे चेन. हल्ली सगळ्या तसाच शिवतात, म्हणाली. तशा शिवतातही. तेव्हा आग्रह माझा नव्हता, एवढं तरी लिहून ठेवते.

चार रात्रींचं रामायण सांगत नाही. वीज जायची, जनरेटर लावायचा, सोळा नंबरच्या सुया मोडायच्या. एकदा अस्तरासाठी बालोगुन मार्केटला गेले आणि परतताना थर्ड मेनलँड ब्रिजवरच्या गो-स्लोमध्ये, म्हणजे ट्रॅफिक जॅममध्ये, अख्खी दुपार गेली. पट्टी आडवी कापली की तिचे धागे सुटतात, म्हणून प्रत्येक काप आधी इंटरलॉक. शुक्रवारी रात्री फिटिंग झालं. आरशासमोर ती उभी राहिली आणि मी स्वतःवरच खूश झाले. कुठे सुरकुती नाही, पट्टीला पट्टी जुळलेली.

उभी राहिली, हे लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी हॉलमागच्या खोलीत तिच्या डोक्याचं गेले बांधून झालं, गळ्यात पोवळ्यांच्या माळा पडल्या. बाहेर नवरदेव मित्रांसकट तिच्या आईवडिलांपुढे साष्टांग लोटांगण घालत होता, माइकवरून आरडाओरडा चालला होता. तिची मोठी मावशी म्हणाली, "एकदा गुडघे टेकून बघ." कारण नवरी बाहेर गेली की आईवडिलांपुढे गुडघे टेकते, मग सासूसासऱ्यांपुढे, आशीर्वाद संपेपर्यंत तशीच. मला हे माहीत नव्हतं? माहीत होतं. दोन लग्नं जेवून आले होते मी.

ती खाली वाकली. चर्र. मांडीपाशी मागची शिवण गेली आणि शिवणीबरोबर एक पट्टीही बाजूला उसवली. ती तशीच अर्धी वाकलेली राहिली. रडली नाही, माझ्याकडे बघितलं फक्त. मी सुईत दोरा ओवायला लागले. दोरा ओवला जाईना.

मावशीने माझ्या हातातून कात्री घेतली. मागची शिवण चेनच्या खालपासून घेरापर्यंत सरळ उघडून टाकली. माझी चार रात्रींची शिवण, दहा सेकंदांत. मग खांद्यावरचा इपेले काढला, कमरेभोवती दोन वेढे घेऊन घट्ट खोचला, उघडा भाग झाकला. मुलीला खाली बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, "ए कू इशे." काम करणाऱ्याला इथे असं म्हणायची रीत आहे. तुमच्या कामाचा मान राखतो, असं काहीसं. ती रीत म्हणून बोलली की टोमणा मारला, यावर मी आजही स्वतःशी भांडते.

कोल्हापुरात मी बारा वर्षं शिवलेल्या नऊवाऱ्या विकल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला चटईवर बसवून म्हणायचे, "मांडी घाला, आता उठा." लग्नात नवरीला पाटावर बसायचं असतं, म्हणून. मग इथे का नाही बसवलं? चार रात्री झोप नव्हती, हे एक उत्तर. तिनेच फिट मागितला, हे दुसरं. तिसरं असं, की मी त्याला परका कपडा समजले. नऊवारी माझी, तिला रीतभात आहे. हा काय, स्कर्टच तर आहे. हे तिसरं उत्तर रात्री येतं. सकाळी पुन्हा पहिलंच पटतं.

त्या फोटोत सगळे ज्याचं कौतुक करतात, तो कमरेचा इपेले मावशीचा आहे. बुबा माझा. बुब्याबद्दल आजवर कुणी काही बोललेलं नाही. मुलीने पूर्ण पैसे पाठवले. मी निम्मे परत केले, तिने ते पुन्हा पाठवले.

परवा तिच्या धाकट्या बहिणीचा मेसेज आला. तिला ताईसारखाच हवाय, फिट. उघडलेली शिवण तिने बघितलेली नाही. मी विचारलं, किती दिवस आहेत? म्हणाली, सहा.