पीएचडी करतेस ना, मग अजून क्लास कसले?

हा प्रश्न मला मावशीने फोनवर विचारलाय, शाळेतल्या मैत्रिणीने विचारलाय, आणि इकडे यायचं ठरवणारे जे मेसेज करतात त्यांच्यापैकी निम्म्या जणांनी तरी विचारलाय, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते. मी अमेरिकेत एपिडेमिऑलॉजी म्हणजे साथरोगशास्त्रात पीएचडी करतेय आणि पहिली दोन वर्षं माझी जवळजवळ पूर्णपणे वर्गात गेली. होमवर्क, मिडटर्म, फायनल, सगळं. ब्रिटनमध्ये असं नसतं, तिथे साधारण पहिल्या दिवसापासून तुमचा रिसर्चचा विषय हातात असतो आणि तीन-चार वर्षांत थीसिस. अमेरिकेत आधी कोर्सवर्क, मग क्वालिफाइंग परीक्षा, मग प्रपोजल म्हणजे संशोधनाचा आराखडा आणि त्यानंतर खरा थीसिस, म्हणून एकूण चार ते सहा वर्षं सहज जातात. कुठे जायचं हे ठरवताना हा फरक आधी लक्षात घ्या, पैशाचा आणि वयाचा हिशोब त्यावर अवलंबून असतो.

तर कोर्सवर्कमध्ये असतं काय? क्रेडिटचा आकडा विद्यापीठागणिक वेगळा, मास्टर्स करून आलात की थेट आलात त्यावरही बदलतो, पण सांगाडा सगळीकडे ओळखीचा दिसतो. एपिडेमिऑलॉजी मेथड्सचे दोन-तीन कोर्स एकापुढे एक. बायोस्टॅटिस्टिक्स, आरोग्याच्या आकड्यांचं संख्याशास्त्र, भरपूर, म्हणजे प्रॉबॅबिलिटी आणि इन्फरन्स, मग लिनिअर, लॉजिस्टिक, सर्व्हायव्हल, एकाच माणसाची पुन्हापुन्हा मोजणी केलेल्या डेटाचे मॉडेल. कॉजल इन्फरन्स, म्हणजे डेटावरून कशामुळे काय होतं ते ठरवायच्या पद्धती. आजारांच्या विषयातले काही कोर्स, संसर्गजन्य किंवा कॅन्सर किंवा हृदयरोग किंवा गरोदरपण, जो तुमचा विषय असेल तो. डिपार्टमेंटच्या बाहेरचा एक मायनर म्हणजे जोडविषय बऱ्याच ठिकाणी लागतो, मी डेमोग्राफी म्हणजे लोकसंख्याशास्त्र घेतलं. दर आठवड्याचा सेमिनार, संशोधनातल्या नीतिमत्तेचा कोर्स, आणि सरासरी बी ग्रेडच्या खाली गेली तर बहुतेक ठिकाणी प्रोबेशन. हे झालं कागदावरचं.

मी पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करून आलेले, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला मेथड्सचा पहिला कोर्स माफ करून घ्यायचा माझा विचार पक्का होता. कन्फाउंडिंग (तिसऱ्याच गोष्टीमुळे दोन गोष्टींचा संबंध दिसणं) माहिती, बायस (अभ्यासातला एकतर्फी कल) माहिती, कोहॉर्ट आणि केस-कंट्रोल हे अभ्यासाचे प्रकार माहिती, परत कशाला बसायचं? अॅडव्हायझर मॅडम एवढंच म्हणाल्या की फॉर्मवर सही करते, पण माझं ऐकशील तर बस. मी बसले आणि आज कोणी विचारलं तर मी प्रत्येकाला हेच सांगते, मेथड्सचा कोर्स माफ करून घेऊ नका, माफ करायचाच तर दुसरं काहीतरी करा.

कारण तिसऱ्याच आठवड्यातलं होमवर्क. सरांनी स्वतः बनवलेले आकडे दिले होते, कॉफी आणि फुप्फुसाचा कॅन्सर, आणि अट अशी की कॉम्प्युटर वापरायचा नाही, कागद आणि कॅल्क्युलेटर फक्त. एकत्र तक्त्यात कॅन्सरवाल्यांमध्ये कॉफी पिणारे ८५ आणि न पिणारे ४०, कंट्रोलमध्ये, म्हणजे कॅन्सर नसलेल्यांमध्ये, कॉफी पिणारे ६० आणि न पिणारे ९०. ऑड्स रेशो (दोन्ही गटांतल्या पिणारे-न पिणारे या प्रमाणांचं गुणोत्तर, १ आलं तर संबंध नाही) काढला तर ३.२ च्या आसपास, म्हणजे कॉफी भलतीच घातक दिसते. मग तेच लोक सिगारेट ओढणारे आणि न ओढणारे असे दोन तक्त्यांत वेगळे करायचे. त्याच क्रमाने, ओढणाऱ्यांत ८०, २०, ४०, १०. न ओढणाऱ्यांत ५, २०, २०, ८०. दोन्हीकडे ऑड्स रेशो बरोब्बर १. मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ मध्ये दिलेल्या सूत्राने दोन्ही तक्ते एकत्र जोडले तरी १. हे सगळं मला "माहिती" होतंच, परीक्षेत लिहिलंही होतं, पण स्वतःच्या पेन्सिलीने ३.२ चा १ होताना बघणं वेगळं आहे. कॉफी पिणारेच जास्त सिगारेट ओढत होते, बाकी काही नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ टाकून अॅडजस्ट करणाऱ्या, म्हणजे अशा तिसऱ्या गोष्टीचा परिणाम बाजूला काढणाऱ्या माणसाला आपण नेमकं काय केलं हे कळतंच असं नाही, मला तोपर्यंत पुरतं कळलेलं नव्हतं हे मी मान्य करते.

दुसऱ्या वर्षी कॉजल इन्फरन्सचा कोर्स होता आणि त्याबद्दल मी कितीही लिहू शकते. इथे बाणांच्या आकृत्या काढायला शिकवतात, कशामुळे काय होतं ते बाणाने दाखवायचं, आणि मग त्या आकृतीवरून ठरवायचं की कुठल्या गोष्टीसाठी अॅडजस्ट करायचं आणि, हे जास्त महत्त्वाचं, कुठल्या गोष्टीसाठी करायचं नाही. आम्हाला पहिलं उदाहरण कमी वजनाच्या बाळांचं दिलं. सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं कमी वजनाची जन्मण्याची शक्यता जास्त असते आणि एकूण बघितलं तर त्यांच्यात बालमृत्यूही जास्त. पण फक्त कमी वजनाची बाळं वेगळी काढून बघितली तर उलटं दिसतं, ओढणाऱ्या आयांची बाळं जास्त जगतात. जेकब येरुशाल्मी यांनी हे दाखवलं तेव्हा, १९६०-७० च्या दशकात, त्यावरून मोठा वाद झाला आणि सिगारेटने बाळाला खरंच अपाय होतो का अशी शंका घेतली गेली.

या कोर्सच्या मॅडमनी फळ्यावर चारच शब्द लिहिले, सिगारेट, वजन, मृत्यू, आणि वजनाच्या वरच्या बाजूला "दुसरं कारण". वजनावर दोन बाण येतात, एक सिगारेटचा आणि एक त्या दुसऱ्या कारणाचा, समजा जन्मजात व्यंग, आणि व्यंगाचा थेट मृत्यूकडेही बाण जातो. आता तुम्ही फक्त कमी वजनाची बाळं घेतलीत की जिथे आई सिगारेट ओढत नाही तिथे वजन कमी व्हायला दुसरं काहीतरी कारण असायलाच हवं, आणि ते कारण सिगारेटपेक्षा जास्त जीवघेणं असू शकतं. म्हणजे सिगारेट बाळाला वाचवत नाहीये, आपणच तुलना चुकीच्या बाळांशी करतोय. वर्गात अर्धा मिनिट कोणी काही बोललं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी आधी नवजात बालकांच्या आयसीयूमध्ये नर्स होती, ती हळूच म्हणाली की मी ही बाळं बघितलीयत. मला तो क्षण अजून जसाच्या तसा आठवतो. या आकृत्यांनी हे कोडं मांडणारा पेपर २००६ चा आहे, म्हणजे तीस-चाळीस वर्षं हुशार माणसं या आकड्यांशी झगडत होती, त्यांच्याकडे डेटा होता पण प्रश्न मांडायची ही भाषा नव्हती.

आणि हे फक्त वर्गातलं कोडं नाही हो. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो असं निरीक्षणावर आधारलेल्या मोठमोठ्या अभ्यासांत वर्षानुवर्षं दिसत होतं, डॉक्टर लिहून देत होते, आणि मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या ट्रायलचा (म्हणजे कोणाला गोळी द्यायची ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेल्या अभ्यासाचा) इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग, १६,६०८ बायका होत्या त्यात, २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला कारण फायद्यापेक्षा धोका जास्त दिसला. आम्ही त्यावर दोन आठवडे घालवले, निरीक्षणाच्या अभ्यासात कोण मोजलं गेलं, केव्हापासून मोजलं, औषध सुरू केल्यावर लगेच त्रास झालेल्या बायका मोजणीतून आधीच गळल्या होत्या का. आकड्याची चूक लाखो बायकांच्या औषधाच्या गोळीपर्यंत पोचते, त्यामुळे हे वर्ग टाळता येतील असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी भांडायला तयार आहे.

क्वालिफाइंगबद्दल थोडक्यात. आमच्याकडे आधी लेखी, मग तोंडी. लेखीत एक छापून आलेला पेपर देतात आणि त्यातल्या त्रुटी शोधायच्या, पण नुसतं "सॅम्पल लहान आहे" लिहून चालत नाही, ही त्रुटी उत्तराला कुठल्या दिशेने ओढते, वर की खाली, आणि अंदाजे किती, हे सांगावं लागतं. त्याआधीचे दोन महिने आम्ही चौघं रोज संध्याकाळी एक पेपर घेऊन बसायचो. एकट्याने अभ्यास करू नका, ग्रुप धरा.

बायोस्टॅटबद्दल बरेच जण घाबरून विचारतात, विशेषतः डॉक्टर आणि डेंटिस्ट. कॅल्क्युलस आणि थोडं मॅट्रिक्सचं गणित येण्याआधी करून या, आर ही आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा शिकून या, बाकी इथे होतं. मेडिकलवाल्यांना पेशंट बघितल्याचा फायदा मिळतो तो गणितवाल्यांना मिळत नाही, आणि उलटही, म्हणून वर्गात शेजारी मुद्दाम दुसऱ्या गटातलं कोणीतरी धरा.

माझा विषय गरोदरपणातली उष्णता आणि वेळेआधी होणारी प्रसूती. डेटा जन्मनोंदींचा, प्रचंड मोठा, मी खुशीत होते. मागच्या महिन्यात प्रपोजलच्या मीटिंगमध्ये पहिल्याच पानावर बाणांची आकृती टाकली होती, तीन रात्री बसून काढलेली. कमिटीतल्या बायोस्टॅटच्या सरांनी ती बराच वेळ बघितली आणि विचारलं, फार उष्णतेने जी गर्भारपणं टिकलीच नाहीत ती तुझ्या नोंदींत कुठे आहेत? नाहीयेत. जन्मनोंदीत फक्त जिवंत जन्मलेली बाळं येतात, म्हणजे फळ्यावरच्या त्या कमी वजनाच्या बाळांसारखंच, मीही आधीच गाळलेल्या लोकांकडे बघत होते आणि ते मला माझ्याच आकृतीत दिसलं नव्हतं. आता मृतजन्माच्या नोंदी जोडता येतात का ते बघतेय, त्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि लवकर झालेले गर्भपात तर कुठल्याच नोंदीत सापडत नाहीत, त्यांच्यासाठी वेगवेगळी गृहीतकं धरून उत्तर किती हलतं ते काढावं लागणार. काल रात्री मेथड्सच्या पहिल्या कोर्सची वही परत काढलीय, सिलेक्शन बायसचं, म्हणजे कोण मोजलं गेलं आणि कोण गळलं यातून येणाऱ्या चुकीचं, प्रकरण तिच्यात नवव्या आठवड्याला आहे.