बियाणे विधेयकावर आम्ही हरकत नोंदवली तेव्हा

नोव्हेंबरात आमच्या कृषी सेवा केंद्रावर हरभरा आणि गव्हाची घाई असते. नेमकं तेव्हाच केंद्रीय कृषी मंत्रालयाने बियाणे विधेयक 2025 चा मसुदा जाहीर केला आणि 11 डिसेंबरपर्यंत हरकती-सूचना मागवल्या. हा कायदा 1966 च्या बियाणे कायद्याची जागा घेणार. आमच्या बियाणे विक्रेत्यांच्या संघटनेतली जुनी मंडळी निवांत होती. 2004 चं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं आणि तिथंच अडकलं, 2019 चा मसुदाही कागदावरच राहिला. "येते अन् जाते, काहून डोकं लावता?" असं एका ज्येष्ठांनी सांगूनही टाकलं.

पण शिक्षेचे आकडे वाचून मी मसुद्याची प्रिंट काढली. 1966 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 500 रुपयांपर्यंत दंड होता. नव्या मसुद्यात गंभीर गुन्ह्याला 30 लाखांपर्यंत दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आहे. माझ्यासारख्याला त्यातल्या एका दंडात दुकान विकावं लागेल.

संघटनेची बैठक लागली ती कॉटन मार्केटजवळच्या एका सभासदाच्या गोदामात, पोत्यांवर बसून. अर्ध्या लोकांचं एकच म्हणणं: मोर्चा काढा. नागपुरात डिसेंबर म्हणजे अधिवेशन, आणि अधिवेशन म्हणजे मोर्चा, ही सवय आमच्या हाडात मुरलेली. शिवाय 2023 च्या नोव्हेंबरात राज्याच्या पाच विधेयकांविरुद्ध आम्ही दुकानं बंद ठेवली होती, ती आठवण ताजी. पण ती विधेयकं राज्याची होती, हा मसुदा दिल्लीचा. विधानभवनाच्या अलीकडे पोलिसांनी अडवेपर्यंत घोषणा दिल्या तरी ज्याच्या टेबलावर हरकती जमा होणार, त्याच्यापर्यंत त्यातला एक शब्द जाणार नव्हता. हे पटायला बराच वेळ गेला. अधिवेशन 8 तारखेला सुरू होणार होतं आणि आमची मुदत 11 ची, त्यामुळे दोन्ही एकदम करणंही शक्य नव्हतं.

मग निवेदन लिहायला घेतलं. पहिला खर्डा म्हणजे तक्रारींचं गाठोडं. दंड कमी करा, कैद काढा, पोर्टल नको, निरीक्षकांचा जाच थांबवा, शेवटी "अन्यथा तीव्र आंदोलन". आमच्यासाठी ग्राहक आयोगातली प्रकरणं चालवणारे एक वयस्क वकील आहेत, त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "यातलं कोणतं वाक्य तो अधिकारी उचलून कायद्यात टाकू शकतो?" एकही नव्हतं.

आमचं खरं दुखणं एवढंच आहे. पिशवी सीलबंद येते. ती उघडून आत काय आहे ते बघण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि उघडली तर तीच आमच्याविरुद्ध भेसळीचा पुरावा. निरीक्षक नमुना घेतो, त्याचे तीन भाग करतो: एक आमच्याकडे, एक प्रयोगशाळेकडे, एक न्यायालयासाठी राखून. रिपोर्ट नापास आला की उत्पादक कंपनीसोबत दुकानदारही आरोपी. दुसरीकडे जूनमध्ये शेतकरी बी उगवून पाहिलेली ओली गोणी घेऊन येतो, काउंटरवर उलगडतो आणि आपल्यासमोर मोजतो. सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के हवी आणि गोणीत त्याच्या निम्मे कोंब. तो चुकीचा नसतोच. पण सोयाबीनची साल इतकी पातळ असते की हमालाने पोतं आपटलं तरी उगवण घसरते. मग दोष कंपनीचा, ट्रान्सपोर्टवाल्याचा की माझा, हे त्या कोंबांवरून कसं ठरवणार?

काका म्हणाले, "तुमच्या दुकानात दुसऱ्या कपाटात काय आहे?" कीटकनाशकं होती. त्यांनी 1968 च्या कीटकनाशक कायद्याचं कलम 30 उघडून तिसरं पोटकलम वाचून दाखवलं. माल परवानाधारकाकडून घेतलेला आहे, दोष असल्याचं ठाऊक नव्हतं आणि वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखं नव्हतं, माल नीट साठवला आणि आला तसाच ठेवला, एवढं विक्रेत्याने सिद्ध केलं तर तो दोषी ठरत नाही. औषधांच्या 1940 च्या कायद्यातही, कलम 19 मध्ये, मेडिकलवाल्यांसाठी जवळपास हेच आहे. म्हणजे एकाच दुकानात, एकाच छताखाली, डाव्या कपाटाला हे संरक्षण पन्नास वर्षांहून जास्त काळ आहे आणि उजव्या कपाटाला 1966 च्या कायद्याने ते दिलेलंच नाही. मी इतकी वर्षं दोन्ही परवाने भिंतीवर शेजारी शेजारी लावून बसलोय, पण ही तुलना कधी कुणाच्या बोलण्यात आली नव्हती.

तिथून निवेदनाचा सूर बदलला. "विक्रेत्याला आरोपी नको, साक्षीदार करा" ही आमची जुनी घोषणा. तिला आता कलमाचं रूप मिळालं. तिन्ही अटी तशाच ठेवल्या, पुरावा म्हणून पक्कं बिल, लॉट नंबरसह साठा नोंदवही आणि उगम प्रमाणपत्र (माल कुठून आला याचा दाखला) धरावं असं सुचवलं.

भांडण झालं ते पुढे. दंड कमी करण्याची मागणी मी काढून टाकली. विदर्भात बसून बोगस बियाण्याची शिक्षा कमी करा म्हणायला तोंड नको का? शिवाय बिनबिलाचं चोरबीटी, म्हणजे कपाशीचं बेकायदा बियाणं, विकणाऱ्याने आमचंच गिऱ्हाईक नेलं आहे, त्याला 30 लाख दंड झाला तर मला काय दुःख? हे चाललं. पण भरपाईच्या मुद्द्यावर गोदाम पेटलं. राष्ट्रीय बियाणे निगमच्या खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलं, तेव्हापासून भरपाईसाठी तो ग्राहक आयोगात जातो आणि तिथे दुकानदारालाही ओढलं जातं. म्हणून मी लिहिलं, उगवण-दोष सिद्ध झाला तर भरपाई उत्पादकाने द्यावी आणि त्याची मुदत कायद्यातच असावी. एक सभासद उठून म्हणाला, "भाऊ, हे कंपनीच्या कानावर गेलं तर जूनमध्ये आपल्याले माल कोण देईन?" प्रश्न खरा होता. चांगल्या वाणाचा कोटा कुणाला किती, हे कंपनीच ठरवते. शेवटी वाक्य राहिलं, पण सौम्य होऊन. मला ते आजही मिळमिळीत वाटतं.

बियाण्याचा माग ठेवणाऱ्या केंद्राच्या साथी पोर्टलवरच्या नोंदींना विरोध करायचा नाही, हेही बहुमताने ठरलं. लॉट कुठून आला हे तिथे आणि पिशवीवरच्या क्यूआर कोडमध्ये दिसलं तर तोच आमचा पुरावा आहे. फक्त हंगामात किरकोळ विक्रीची नोंद दिवसअखेर करू द्या, एवढंच मागितलं.

मसुदा इंग्रजीत, म्हणून निवेदनही इंग्रजीत, कलमवार तक्ता करून: मूळ मजकूर, हरकत, पर्यायी मजकूर. वर्ड आणि पीडीएफ दोन्ही फाइली मेल केल्या. पोच आली नाही. एक प्रत खासदारांच्या कार्यालयात नेऊन दिली. तिथल्या माणसाने पानं चाळली आणि म्हणाला, "साहेबांना गाडीत वाचता येईल असं एक पान द्या." ते पान मी कलम 30 पासून सुरू केलं.

विधेयक संसदेत मांडलं गेलं तर ते स्थायी समितीकडे जाऊ शकतं. 2020 चं कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक गेलंच होतं. समिती पुन्हा निवेदनं मागवते आणि तिथे नुसतं कलम पुरत नाही, प्रकरणं लागतात. म्हणून नागपूर जिल्ह्यातल्या ज्या विक्रेत्यांकडे सीलबंद पिशवीचा नमुना नापास झाल्याची कागदपत्रं असतील, त्यांनी रिपोर्ट, बिल आणि साठा नोंदवहीचं पान शेतकऱ्याचं नाव-गाव खोडून संघटनेकडे द्यावं. खरीप सुरू झाला की कुणालाच वेळ मिळणार नाही.