कूलरच्या नॉबपासून इन्सुलिन पेनपर्यंत: आमची वाटचाल

हिंगणा एमआयडीसीत आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. सुरुवात कूलरच्या सुट्या भागांपासून, नॉब, फ्लोट, असलंच सगळं. नागपुरात उन्हाळ्याआधी या मालाची मारामार असते आणि एकदा पाऊस पडला की मशीन झाकून ठेवा. बाराही महिने चालणारं काम शोधून राहिलो होतो, तेवढ्यात एका औषध कंपनीच्या माणसाला पेशंटला शिकवायला इन्सुलिन पेनचे, म्हणजे पेनसारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनचे, डेमो पेन हवे होते. सुई नाही, औषध नाही, नुसतं डायल फिरवायचं आणि बटण दाबायचं.

इन्सुलिन पेन तसा जुना, पहिला 1985 मध्ये डेन्मार्कच्या नोव्होने आणला. आपल्याकडे अजून बाटली-सिरिंजवाले भरपूर आहेत, त्यात बाटलीत बहुतेक एका मिलीत 40 युनिट आणि पेनच्या काट्रिजमध्ये एका मिलीत 100, म्हणजे सिरिंज चुकीची घेतली की डोस अडीचपट इकडे नाही तर तिकडे. पेनवर आकडा लावला की संपलं.

डेमो पेन द्यायला जायचो तेव्हा धंतोलीतल्या क्लिनिकमध्ये शिकवणाऱ्या सिस्टरांच्या बाजूला बसून लोक पेन कसा धरतात ते बघायची सवय लागली, आणि खरं सांगतो, धंदा तिथेच शिकलो. कंपनीच्या कागदात सगळा भर सुई दुखू नये यावर. पण आता 4 मिलीमीटरच्या बारीक सुया मिळतात, दोनचार दिवसांत माणूस त्याला सरावतो. खरी धाकधूक वेगळीच, औषध गेलं की नाही? आकडा शून्यावर आला तरी सुई दहा अंक मोजेपर्यंत आतच ठेवायची असते, लोक लगेच काढतात आणि मग कातडीवर थेंब दिसला की टेन्शन. एक काकू म्हणाल्या, "आवाज यायला पाहिजे ना भाऊ, नाही तर मले कसं समजन?" आणि त्याच दिवशी एक बँकेतला पोट्टा म्हणे टकटक अजिबात नको, बाजूच्या टेबलवाल्याला कशाला कळायला पाहिजे. आता करा दोघांचं समाधान!

मग टिकटिक करणाऱ्या आतल्या दातांची खोली कमी-जास्त करत बसलो, एबीएस प्लास्टिक सोडून अ‍ॅसिटल प्लास्टिक घेतलं कारण ते घासत कमी आणि झिजतही कमी, शेवटी टिकटिक कानापेक्षा अंगठ्याला जास्त कळेल असं जमलं. काकूंना तरी थोडा आवाज कमीच वाटतो.

सांधेवातवाल्यांचं तर वेगळंच. त्यांच्या ऑटोइंजेक्टरमध्ये, म्हणजे आपोआप टोचणाऱ्या इंजेक्शनमध्ये, डोस आधीच ठरलेला, काही मॉडेलला बटणही नसतं, कातडीवर दाबलं की सुरू, एक क्लिक सुरू झाल्याचा, बऱ्याच मॉडेलला दुसरा संपत आल्याचा, आणि खिडकीत रंगीत दांडा दिसतो. हे सगळं झकास, पण टोपणच निघत नाही! बोटं वाकडी झालेली, चिमटीत जोर नाही, कुणी दाताने ओढतो, कुणी काखेत धरतो. आमच्या डेमोला आम्ही जाड, खरबरीत टोपण दिलं, कडी अडकवलेलं, तर एक आजोबा तेवढं टोपणच मागत होते.

अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएच्या 2016 च्या गाइडन्समध्ये, लोकांना उपकरण नीट वापरता येतं का या चाचणीला वापरणाऱ्यांच्या प्रत्येक गटातले किमान 15 लोक घ्या म्हणून लिहिलंय, तेही खरे वापरणारे, कंपनीचे कर्मचारी नाहीत. आमचं बसून बघणं म्हणजे काही तशी चाचणी नाही, पण डिझाइन करणाऱ्याने आधी इतकं तरी बघावं, एसीत बसून नाही कळत.

उन्हाचं तर विचारूच नका. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण 30 डिग्रीच्या खाली ठेवायचं आणि इथे मे महिन्यात 45! फ्रिज नसलेले माठात ठेवतात, ते ठीकच, पण बाहेर पडले की पेनचा पाऊच थेट स्कूटीच्या डिक्कीत. कारण काय तर खांद्याला लावला की दवाखान्याचा वाटतो. म्हणून साध्या पर्ससारखा दिसेल असा पाऊच एका शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून करून घेतोय.

आता अडचण अशी की पैसे पेशंट देत नाही, कंपनी देते. जाड टोपणाला प्लास्टिकचा दाणा जास्त लागतो, दर पीसमागे थोडे पैसे वाढतात आणि खरेदीवाला लगेच भाव पाडायला बसतो. एका गिऱ्हाइकाने घेतलं. दुसऱ्याचं अजून म्हणणं असं की ब्रोशरमध्ये बारीकच टोपण चांगलं दिसतं.