द्राक्षबागेतला पर्जन्यमापक: सिसएफएस सुटलं, कॅरेक्टर डिव्हाइस धरलं

दिंडोरीकडच्या मामाच्या बागेतला पर्जन्यमापक पुन्हा मोजायला लागलाय. ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक-बोर्ड), त्याला टिपिंग बकेटवाला, म्हणजे ठरावीक पाणी भरलं की कलणाऱ्या छोट्या भांड्याचा, साधा प्लास्टिकचा पर्जन्यमापक, आणि पुढेमागे ठिबकचा एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी सर आली की डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची धास्ती असते. मंडळाच्या ठिकाणी किती मिलिमीटर झाला ते मोबाइलवर कळतं, पण पाऊस बांधापलीकडे पडतो आणि आपल्याकडे नुसता वारा. फवारणी मारायची की नाही हे आपल्या शिवारातल्या आकड्यावर ठरवायचं, एवढाच हेतू.

बकेट कललं की चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबकानं जुळणाऱ्या स्विचसमोरून) जातं, स्विच क्षणभर जोडला जातो, बोर्डाचा पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला लागतो. जुनी स्क्रिप्ट सिसएफएसवर, म्हणजे पिन वाचण्या-लिहिण्यासाठी लिनक्स ज्या फाइली दाखवतं त्यांच्यावर होती: १७ नंबर एक्सपोर्ट करा, डायरेक्शनमध्ये 'इन' लिहा, व्हॅल्यू वाचत बसा. कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.६ वर गेला आणि एक्सपोर्ट करतानाच 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' यायला लागलं. पिन तोच, वायर तीच. झालं असं की सिसएफएसचे नंबर पिन सांभाळणाऱ्या सगळ्या चिपांना मिळून एका ओळीत दिलेले असतात, आणि ही मोजणी आता ५१२ पासून सुरू होते. म्हणजे १७ चा झाला ५२९.

स्क्रिप्टमध्ये ५२९ टाकलं की गाडी चालू होते, आणि बरेच जण तिथंच थांबतात. मला ते पटत नाही. हा नंबर कायम राहील असं कर्नलनं कधी कबूल केलेलंच नाही. २०१६ मध्ये ४.८ कर्नलबरोबर जीपीआयओसाठी (या पिनांसाठी) कॅरेक्टर डिव्हाइस हा नवा रस्ता आला, तेव्हापासून सिसएफएसचा हा रस्ता जुना ठरलाय. शिवाय सिसएफएसमधून पुल-अप (मोकळ्या पिनाला हाय धरून ठेवणारा रोध) लावताच येत नाही, ते दुसरीकडून करावं लागतं.

कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये चिप ही एक फाइल असते, माझ्या बोर्डावर जीपीआयओचिप शून्य, ५४ लाइनींची (लाइन म्हणजे चिपचा एक पिन). त्यातली लाइन नावानं मागायची, 'जीपीआयओ १७'. मागताना आपलंही नाव सांगायचं. मी 'पाऊस' दिलंय. जीपीआयओइन्फो ही कमांड चालवली की सतराव्या लाइनीसमोर 'पाऊस' दिसतं, म्हणजे लाइन कुणाच्या ताब्यात आहे ते लगेच कळतं. दुसऱ्या प्रोग्रॅमनं तीच मागितली तर त्याला 'बिझी' म्हणून परत पाठवतात. सिसएफएसमध्ये दोन स्क्रिप्टा एकाच पिनवर खुशाल लिहू शकायच्या, कुणाला पत्ता नाही. आणि प्रोग्रॅम मेला की लाइन आपोआप सुटते, अनएक्सपोर्टची झाडलोट नको.

वेगाचं म्हणाल तर इथं त्याचा प्रश्नच नाही. माझ्या मापकाचं एक टिप म्हणजे ०.२७९४ मिलिमीटर. तासाला १०० मिलिमीटरच्या झोडपणीतसुद्धा साधारण दहा सेकंदांना एक टिप पडतं. खरा फायदा टाइमस्टॅम्पचा. प्रत्येक घटनेवर वेळेचा शिक्का कर्नल मारतो आणि ती रांगेत ठेवतो, लाइनीमागे सहसा १६ घटना मावतात. एसडी कार्डावर लिहिताना प्रोग्रॅम अडकला तरी टिप हरवत नाही, आणि दोन टिपांमधल्या अंतरावरून पावसाचा जोर नीट निघतो.

एक इशारा. कॅरेक्टर डिव्हाइस वापरायची लायब्ररी म्हणजे लिबजीपीआयओडी. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीवर तिची १.६ मिळते, ट्रिक्सी आवृत्तीवर २ ची मालिका. दोन्हींच्या कमांडा आणि पायथन मॉड्यूल वेगळे आहेत. आधी चिप मग नंबर अशी उदाहरणं दिसली तर ती १ ची समजा, ती २ वर तशीच चालणार नाहीत. मी २ घेतली, मुख्यतः डिबाउन्स (स्विचची क्षणिक थरथर गाळणं) मिळतो म्हणून. पायच्या चिपमध्ये डिबाउन्सचं हार्डवेअर नाही, तेव्हा तो कर्नलच सॉफ्टवेअरनं करतो.

आता खरी डोकेदुखी. थ्री-फेज आली, मोटर सुरू झाली, की कडक उन्हात पाऊस नोंदला जायचा. मामा फोनवर म्हणाला, "काय रे, तुझा पाऊस लाइट आल्यावरच पडतो का?" मापकाची वायर दहा-बारा मीटर मोटरच्या केबलला चिकटून गेली होती. पायचा आतला पुल-अप साधारण ५० किलोओहमचा, इतक्या लांब वायरीला तो अगदीच तोकडा. बाहेरून ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहम लावला, पिन आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर टाकला, वायर चरातून बाजूला घेतली, डिबाउन्स २० मिलीसेकंद ठेवला. आता स्टार्टर कितीही खटखटला तरी आकडा हलत नाही. नुसता डिबाउन्स वाढवूनही भागलं असतं असं कुणी म्हणेल, पण पिनवर येणारा झटका सॉफ्टवेअरनं थांबत नाही, आणि हे पिन ३.३ व्होल्टचे आहेत, पाच व्होल्टसुद्धा सहन करत नाहीत.

कॅलिब्रेशन सलाइनच्या सेटनं केलं. फनेलचं तोंड ११ बाय ५ सेंटिमीटर, म्हणजे ५५ चौरस सेंटिमीटर, तेव्हा ५५ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. बाटलीत मोजून तेवढं घ्यायचं, मेडिकलमधून आणलेल्या सेटची चकती फिरवून थेंब-थेंब सोडायचं, ३५-३६ टिपं यायला हवीत. जोरात ओतलं की कमी भरतात, कारण बकेट कलत असताना पडणारं पाणी हिशोबात येत नाही. खालचे दोन स्क्रू वरखाली करून जमवलं.

व्हॉल्व्हची बाजू अजून टेबलावरच आहे. बाजारात मिळणारी निळी रिले मॉड्यूलं (पिनच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच) बहुतेक पिन लो, म्हणजे शून्य व्होल्टला गेला की चालू होणारी. पायचे शून्य ते ८ हे पिन सुरुवातीला पुल-अप असतात, ९ ते २७ पुल-डाउन (लो धरलेले). म्हणून रिलेला ६ नंबर दिला, नाहीतर बोर्ड बूट होईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहायची भीती. जोडीला कॉन्फिग फाइलमध्ये ६ नंबर आउटपुट आणि हाय ठेवायची ओळ आहे, ती फर्मवेअर कर्नलच्या आधीच लावतं. मॉड्यूलवरचा जंपर काढून रिलेला ५ व्होल्ट आणि ऑप्टोच्या (पिन आणि रिले प्रकाशानं जोडणाऱ्या भागाच्या) बाजूला ३.३ दिले, नाहीतर हाय असतानाही ऑप्टोचा एलईडी अर्धवट पेटलेला राहू शकतो. पिन हाय-लो करणारी जीपीआयओसेट ही कमांड लिबजीपीआयओडी २ मध्ये प्रोग्रॅम चालू असेपर्यंत लाइन धरून ठेवते, १ मध्ये ती लगेच बाहेर पडते. लाइन सुटल्यावर पिन कुठल्या अवस्थेत राहील याची हमी कर्नल देत नाही, तेव्हा व्हॉल्व्हसाठी शेल स्क्रिप्ट नकोच. सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू ठेवणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस, आपोआप पुन्हा सुरू होणारी, आणि व्हॉल्व्ह विजेशिवाय बंद राहणाऱ्या जातीचा. तोही २४ व्होल्ट एसीचा आहे, त्याचा ट्रान्सफॉर्मर बसवायला बाहेरची पेटी लहान पडतेय. मोठी पेटी मिळाली की पुढची नोंद.