चाळिशी, लाल ठिपका आणि कमरेचं रिव्हॉल्वर

मागच्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर एक नागपूरचा ओळखीचा भेटला, नवीनच पिस्तूल घेतलंय त्याने, आणि पहिला प्रश्न हाच की नेम धरायला लेझर लावू का रे याला? उभ्या उभ्या अर्धा तास बोललो तरी संपलं नाही म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. मी टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळ राहतो. इथे 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने पात्र असलेल्या माणसाला लायसन्सशिवाय हँडगन जवळ बाळगता येते. मी त्याच्या आधीच रीतसर परीक्षा देऊन लायसन्स काढलं होतं. एच-वन वर असताना नाही हां, त्या व्हिसावर फेडरल कायदाच आडवा येतो (थोडे अपवाद सोडले तर), ग्रीन कार्ड हातात आल्यावरच. आणि नाही, वापरायची वेळ कधी आलेली नाही, दर वेळी विचारू नका.

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचं 642 आहे. पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर, 38 स्पेशल जातीच्या गोळीचं, नळी दोन इंचांपेक्षाही कमी. शर्टाखाली दिसत नाही हा त्याचा मोठा गुण, बाकी नेम धरायला अगदी वैताग, कारण साइट म्हणजे वर एक बारीक खाच आणि पुढे एक उंचवटा, बस, आणि ट्रिगर ओढायला साधारण 12 पौंडाचा जोर लागतो. त्यात मला चाळिशी लागली. नेम धरताना नजर पुढच्या साइटवर ठेवायची असते आणि ती असते हाताच्या अंतरावर, म्हणजे नेमकी जिथे मला आता धूसर दिसतं तिथे. लांबचा कागद स्वच्छ, साइट मात्र धुक्यात.

म्हणून लेझर. ठिपका पडतो लांब टार्गेटवर, जिथे माझे डोळे अजून शाबूत आहेत. मी क्रिमसन ट्रेस कंपनीची ग्रिप घेतली, म्हणजे मुठीतच लेझर, मधल्या बोटाखाली बटण, मूठ आवळली की चालू. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ट्रिगरच्या पुढे, नळीखाली बसवायचे जे लेझर असतात त्यांचं बटण बहुतेक वेळा वेगळं दाबावं लागतं, घाबरलेला माणूस ते दाबेल याची काय गॅरंटी? शिवाय त्याला होल्स्टरही (बंदुकीचं म्यान) वेगळं लागतं, आणि स्वस्तातलं ढगळ होल्स्टर घेतलं आणि ट्रिगर नीट झाकला गेला नाही तर मग लेझर राहिला बाजूला, स्वतःच्या मांडीत गोळी.

आता तोटे. टेक्ससच्या दुपारच्या उन्हात लाल ठिपका काही पावलांपलीकडे दिसतच नाही. हिरवा जास्त दिसतो कारण आपला डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील असतो, पण तो बॅटरीही जास्त खातो. दुसरं म्हणजे माझ्या ग्रिपमध्ये लेझर उजव्या बाजूला आहे, आणि शिकवल्याप्रमाणे बोट ट्रिगरबाहेर, फ्रेमला, म्हणजे बंदुकीच्या अंगाला लावून सरळ ठेवलं की तेच बोट किरणाच्या आड येतं! पहिल्या दिवशी मला वाटलं बॅटरी गेली. आणि किरण नळीतून निघत नाही, तिच्या बाजूने निघतो, त्यामुळे ठिपका आणि गोळी एका ठरावीक अंतरावरच जुळतात. मी 7 यार्डांवर जुळवलंय, म्हणजे 21 फूट. त्याच्या अलीकडे पलीकडे थोडा फरक पडतोच, घरातल्या अंतरांना तो चालतो.

पण खरी गंमत मला आईने दाखवली. ती आली होती तेव्हा मी रोज रात्री रिकाम्या रिव्हॉल्वरने सराव करायचो, गोळ्या दुसऱ्या खोलीत, सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं चाक) दोनदा उघडून बघायचा, आणि नेम विटांच्या फायरप्लेसवर. ती सोफ्यावर जप करत बसलेली. विटांवरचा तो नाचणारा ठिपका बघून म्हणाली, "केवढा थरथरतोय रे तुझा हात, चहा कमी कर."

बरोबर आहे की! साध्या साइटनेही हात तेवढाच हलतो, फक्त आपल्याला दिसत नाही. लेझरने दिसतो, आणि मग माणूस ठिपका मधोमध आला रे आला की पटकन ट्रिगर खेचतो, आणि त्या झटक्यानेच गोळी खाली जाते. माझ्या सुरुवातीच्या कागदांवर सगळी भोकं खाली डावीकडे होती. ठिपका हलू दे, तू आपला सावकाश ओढत राहा, एवढं अंगात मुरायला मला तीन महिने लागले. मुरल्यावर लेझर बंद करून बघितलं तर तसाही नेम सुधारलेला. म्हणजे सरावाला लेझर घ्याच असं मी कोणालाही बेधडक सांगेन.

कमरेला लावून फिरायचं म्हटलं तर पिस्तूल कुठलं ते बघावं लागतं. माझ्यासारखं छोटं रिव्हॉल्वर, पिकलेले डोळे, अंधार, किंवा जमिनीवर पडलोय आणि हात डोळ्यासमोर आणताच येत नाहीये, अशा वेळी ठिपका कामाचा. नागपूरकराचं वय 29, पिस्तूल चांगलं मोठं, साइट ठळक. त्याला म्हटलं ते पैसे गोळ्यांवर घाल. त्याचं म्हणणं, छातीवर लाल ठिपका दिसला की चोर पळून जाईल. अरे बाबा, हे सिनेमात. ज्याच्या छातीवर ठिपका आहे तो खाली बघेलच असं नाही, आणि कायद्याला पटेल असं कारण नसताना नुसतं भीती दाखवायला कोणावर बंदूक रोखलीस तर इथे तुलाच आत टाकतील.

तो काही फारसा पटल्यासारखा दिसला नाही. बहुतेक घेईलच. घेतलास तर बॅटरीचं तेवढं बघ, मी मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं पुढेमागे करतो त्याच रविवारी बदलतो, दोन छोटी बटण सेल लागतात, आणि बदलल्यावर रेंजवर जाऊन ठिपका परत तपासायचा.