चेंडूला पाय लागला होता, तरीही शिट्टी

दहा वर्षांखालच्या फुटबॉल मॅचमध्ये रेफरीचं बरंचसं काम शिट्टीआधीच होतं. शिनगार्ड, म्हणजे नडगीची ढाल, मोज्याच्या आत खरंच आहे की नुसता फुगवटा आहे, ते हाताने चाचपायचं. प्रत्येकाला तळवा उलटा करायला लावून स्टड बघायचे. कानातलं काढायला लावायचं. "वर टेप लावते ना" म्हणणाऱ्या आईला सांगायचं की टेप चालत नाही, नियमच तसा आहे. मग अर्ध्या टीमच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायच्या.

जुलैतला रविवार, बडोद्याचं पोलो ग्राउंड, रात्रभर पाऊस पडून गेलेला. पालकांनी पोरांच्या हौसेसाठी चालवलेली लीग. तिच्या नियमपत्रकात एक ओळ आहे : 'स्लाइड टॅकल बंद.' म्हणजे जमिनीवरून घसरत जाऊन पायाने समोरच्याचा चेंडू काढणं बंद. बस, एवढीच. बंद म्हणजे काय, कोणी केलाच तर पुढे खेळ कसा सुरू करायचा, याबद्दल अक्षर नाही. पत्रक काढणाऱ्यांनी कधी शिट्टी हातात धरली असती तर ही ओळ अशी लोंबकळत राहिली नसती.

फुटबॉलच्या मूळ नियमांत स्लाइड टॅकलला बंदी नाही. बारावा नियम विचारतो ते टॅकल कसा केला : निष्काळजीपणे, बेदरकारपणे की अवाजवी जोर लावून. पण नऊ वर्षांच्या पोराला एकदा घसरल्यावर थांबता येत नाही, आणि समोरच्याला वेळेवर उडी मारता येत नाही. चेंडू आधी गेला तरी मागचा पाय जाऊन घोट्यावर बसतो. त्यामुळे या वयात बंदी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चिखलात खरी पारख असते ती घसरणं आणि स्लाइड यांतली. घसरणाऱ्याची टाच पुढे पळते, दोन्ही हात वर उडतात, तो पाठीवर आपटतो. स्लाइड मारणारा आधी एक कुल्ला खाली टाकतो, त्या बाजूचा हात जमिनीला लावतो, खालचा पाय दुमडतो आणि वरचा पाय कोयत्यासारखा फिरवतो. चेंडूकडे बघत राहिलात तर यातलं काहीच दिसत नाही. कंबरेकडे बघावं लागतं. पहिल्या हाफमध्ये लाल टीमची एक मुलगी बाहेर जाणारा चेंडू अडवायला अशीच स्लाइड मारत गेली. जवळपास कोणी नव्हतं, मी खेळ चालू ठेवला. बंदी टॅकलला आहे, नुसत्या स्लाइडला नाही.

दुसऱ्या हाफमध्ये बरोबरी असताना लालचा नऊ नंबर चेंडू घेऊन पेनल्टी एरियात शिरला, कोपऱ्याच्या बाजूने. समोर पिवळ्यांचे अजून दोघं होते. पिवळ्यांचा चार नंबर तिरका धावत आला, डावा कुल्ला टाकला, हात टेकला आणि उजव्या पायाने चेंडू अलगद काढून लाइनबाहेर घालवला. नऊ नंबर दचकून उडी मारून पलीकडे गेला. कोणाचा कोणाला स्पर्श नाही. मी दहा पावलांवर होतो. मोठ्यांच्या मॅचमध्ये मी "खेळा!" म्हणून ओरडलो असतो. इतका स्वच्छ टॅकल कॉलेजच्या पोरांकडूनही क्वचित बघायला मिळतो.

मी शिट्टी मारली आणि एक हात सरळ वर केला : इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल धरत नाहीत.

मग जे सुरू झालं! एका बाजूने "बॉलने ज अड्यो छे, साहेब!" (बॉललाच लागलाय), दुसऱ्या बाजूने "पेनल्टी! पेनल्टी!" पाडणं, ढकलणं, लाथ बसणं असं काही घडलं असतं तर डायरेक्ट फ्री किक, आणि पेनल्टी एरियात ती म्हणजे पेनल्टी. इथे स्पर्शच नव्हता; समोरच्याला इजेच्या भीतीने चेंडू सोडावा लागला, तो धोकादायक खेळ, आणि त्याला इनडायरेक्टच. लालच्या कोचला हे माहीत असायला हवं होतं. माहीत नव्हतं, आणि आवाज मात्र त्याचाच सगळ्यांत मोठा.

मी नऊ नंबरला दोनदा बजावलं, "सरळ गोल नाही धरणार, आधी दुसऱ्या कोणाचा तरी पाय लागू दे." त्याने मान हलवली आणि कोचच्या आरोळीसरशी थेट जाळ्यात मारला. सुंदर मारला. माझा हात वरच होता, चेंडूला मध्ये कोणीही शिवलं नव्हतं. गोल नाही, पिवळ्यांना गोल किक. पोरगं हात पसरून धावत सुटलेलं, त्याला अर्ध्या मैदानावर कळलं.

खेळ थांबला होता तेवढ्यात चार नंबर जवळ आला. "सर, त्याला लागलं कुठे?"

"नाही लागलं. टॅकल चांगला होता. पण या गटात चालत नाही."

"मग आम्हाला शिकवलं कशाला?"

मॅच संपल्यावर त्याच्या कोचला विचारलं, तर अभिमानाने म्हणाला, हो, सरावात घेतो, पुढे उपयोगी पडेल. ज्या लीगमध्ये बंदी, तिथल्या पोरांना तेच शिकवायचं? आधी उभ्याने अडवायला शिकवा ना : अंग तिरकं, गुडघे वाकलेले, पावलं छोटी, चेंडू हलेपर्यंत वाट बघायची. हे कंटाळवाणं आहे म्हणून कोणी शिकवत नाही.

पण मला झोपू देत नाही ते वेगळंच. शेवटच्या पाच मिनिटांत चार नंबर प्रत्येक चेंडूच्या एक पाऊल अलीकडे थांबत होता. नियम त्याने पाळला, आणि खेळणं सोडून दिलं. वरच्या गटात गेल्यावर स्लाइड चालते. तिथे बाकीची पोरं ती कोणी न शिकवता, मोबाइलवर बघून मारतात आणि घोटे मोडतात. ज्याला ती नीट येते त्यालाच मी थांबवलं, आणि उद्या तोच प्रसंग आला तरी शिट्टी मारेन.

मी आयोजकांना तीन ओळी लिहून दिल्यात : प्रतिस्पर्धी आवाक्यात असेल तरच गुन्हा, स्पर्श नसेल तर इनडायरेक्ट, असेल तर डायरेक्ट, गोलकीपर आपल्या एरियात हातांनी चेंडू घ्यायला घसरला तर सूट. "इतकं कोण वाचतं, सर?" असं उत्तर आलं. पुढच्या बैठकीत चौथी ओळ घेऊन जाणार आहे : स्लाइड कोणत्या वयापासून आणि कोणी शिकवायची.